प्रश्न इथले, उत्तरंही इथलीच

छत्रपती संभाजीनगरची ओळख करून देताना आपण बावन्न दरवाजे सांगतो, वेरूळ-अजिंठा सांगतो, हिमरू सांगतो, अलीकडे वाळूज आणि शेंद्र्याचे कारखानेही सांगतो. या शहरात आणि त्याच्या आसपास गेल्या पंचाहत्तर वर्षांत जे संशोधन झालं, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. बदनापूरच्या वाणाची तूर आपल्या ताटात येते, पण तो वाण तयार करणाऱ्यांविषयी आपल्याला काही ठाऊक नसतं. म्हणून हा मागोवा.

सुरुवात 1950 पासून करायला हवी. निजामी राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. शहरात 1923 साली निघालेलं सरकारी इंटरमीजिएट कॉलेज होतं. पदवीसाठी बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय इथे सुरू झालं आणि त्यात कलेच्या जोडीला विज्ञानही आलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीसांच्या काळात नागसेनवनाचा परिसर आणि मिलिंद महाविद्यालय आकाराला आलं. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं वसतिगृहात राहून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकू लागली. मराठवाड्यातल्या विज्ञानाच्या इतिहासात मला ही घटना सर्वांत मोठी वाटते, कारण संशोधनासाठी आधी माणसं लागतात आणि ती इथे घडू लागली.

23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. नव्या विद्यापीठाकडे महागडी यंत्रसामग्री नव्हती, तेव्हा अभ्यासकांनी हाताशी असलेलं घेतलं. प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओढ्यानाल्यांत सापडणारा गोड्या पाण्याचा खेकडा निवडला. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात संप्रेरकं साठवणारा एक छोटा अवयव असतो. कात कधी टाकायची, प्रजननाची तयारी कधी करायची, यावर त्या संप्रेरकांचं नियंत्रण असतं. या अंतःस्रावांवर इथून निघालेले शोधनिबंध जगभरच्या अभ्यासकांनी वाचले. वनस्पतिशास्त्रात वि. ना. नाईक यांनी आधी उस्मानाबादची वनस्पतिसूची केली आणि पुढे ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध केला. ‘मराठवाड्यात आहे काय, बाभळी आणि बोरी’ असं म्हणणाऱ्यांना या ग्रंथाने पुराव्यानिशी उत्तर दिलं. आजही या भागातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणारा विद्यार्थी पहिल्यांदा नाईकांचे खंड उघडतो.

विद्यापीठाबाहेरही काम चालू होतं. साठच्या दशकात जालना औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली. भेंडीच्या सुधारित वाणापासून त्यांचं काम सुरू झालं होतं. शेतकऱ्यांच्याच शेतात बीजोत्पादन घ्यायचं, त्यांना तंत्र शिकवायचं आणि बियाणं विकत घ्यायचं, ही त्यांची पद्धत. ज्वारी, बाजरी आणि कापसाची संकरित बियाणी अशी गावोगाव पोहोचली. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये देशात परवानगी मिळालेलं पहिलं जनुकीय सुधारित पीक म्हणजे बीटी कापूस, त्यातही महिकोचा वाटा होता. पुढे गुलाबी बोंडअळी त्या तंत्राला पुरून उरली आणि 2017 च्या हंगामात मराठवाड्याच्या शेतकऱ्यांनी त्याची मोठी किंमत मोजली. विज्ञानाचा गौरव करताना हेही सांगायला हवं, कारण बोंडअळीने नवा प्रश्न उभा केला आहे आणि त्याचं उत्तर शोधणारे लोक इथेच लागणार आहेत.

बियाण्याचीच दुसरी गोष्ट जालना रस्त्यावरच्या बदनापूरची. परभणीला 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठ झालं. बदनापूरचं संशोधन केंद्र त्याचंच. तुरीवर पडणारा वांझ रोग शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक असतो. झाड हिरवंगार राहतं, पानांवर फिकट चट्टे येतात, पण फूल लागत नाही, म्हणजे शेंगही नाही. डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. कोणतं रोप या रोगाला पुरून उरेल, हे पाहण्याची पद्धत फार साधी आहे. रोगट झाडाचं पान घ्यायचं, ते निरोगी रोपाच्या कोवळ्या पानाला स्टेपलरने टाचायचं आणि वाट पाहायची. कोळी नव्या पानावर सरकतो. बहुतेक रोपं रोगाला बळी पडतात. जी तगतात त्यांचं बी राखायचं आणि पुढच्या हंगामात तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. रोगाचा विषाणू नेमका ओळखला जाईपर्यंत विसावं शतक सरलं. बदनापूरची लाल बीएसएमआर 736 त्याआधीच शेतात उभी होती. तिच्या पाठोपाठ पांढरी बीएसएमआर 853 आली आणि पुढे लवकर हाती येणारी बीडीएन 711. पाऊस लवकर परतला तर दीर्घ मुदतीची तूर हातची जाते. अशा वर्षी पाच महिन्यांत निघणारा वाण घर सावरतो.

पाण्याच्या बाबतीत या शहराला जुना वारसा आहे. मलिक अंबरच्या नहरीचं पाणी आणि पाणचक्की आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्याच शहरात 1980 मध्ये वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, उभी राहिली. धरण बांधून झालं की काम संपलं, ही समजूत इथे मोडली गेली. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसं पोहोचवायचं, हा अभ्यासाचा विषय झाला. 1993 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवणारे माधवराव चितळे निवृत्तीनंतर याच शहरात राहिले आणि सिंचनाची चर्चा त्यांनी अभियंत्यांपासून गावकऱ्यांपर्यंत नेली. पलीकडे जालन्यातल्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे यांनी पाणलोटाचं शास्त्र गावकऱ्यांच्या हाती दिलं. कमी पावसातही तिथे द्राक्षबागा टिकल्या.

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एका संशोधन केंद्राची गोष्ट शहरालाच नीट माहीत नाही. जुनी प्रतिजैविकं जिवाणूंपुढे निकामी होत चालली आहेत आणि जगातल्या अनेक मोठ्या औषध कंपन्यांनी या क्षेत्रातून पाय काढता घेतला. वोक्हार्टच्या इथल्या केंद्रात मात्र नव्या प्रतिजैविकांवर काम चालू राहिलं. त्वचेच्या गंभीर संसर्गावरचं लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन 2020 मध्ये देशात मंजूर झालं. न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय विज्ञान मंत्र्यांनी देशापुढे आणलं. दिवसातून एकदा, असं तीन दिवस घ्यायचं औषध. त्यामागे 14 वर्षांचं काम आणि सुमारे 500 कोटी रुपयांचा खर्च असल्याचं सरकारने तेव्हा सांगितलं.

याच केंद्रातल्या झिडेबॅक्टम या रेणूमागची कल्पना तर समजून घेण्याजोगी आहे. जिवाणूभोवती भिंत असते आणि ती बांधणारी वेगवेगळी प्रथिनं असतात. दोन गवंडी एकाच भिंतीवर काम करत असावेत, तशी. नेहमीचं औषध एका गवंड्याला रोखतं. जिवाणू मग ते औषध तोडणारी विकरं तयार करतो आणि बांधकाम चालू ठेवतो. इतर ठिकाणच्या संशोधकांनी बहुतांशी या विकरांनाच निष्प्रभ करण्याचा मार्ग धरला. इथे वेगळा विचार झाला: सेफेपाइम हे नेहमीचं औषध एका प्रथिनाला धरील, झिडेबॅक्टम दुसऱ्याला, आणि दोन्हीकडून काम थांबलं की भिंत ढासळेल. या जोडऔषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या आंतरराष्ट्रीय चाचण्याही झाल्या आहेत. अतिदक्षता विभागात ज्यांच्यावर कोणतंच औषध चालत नाही, अशा रुग्णांसाठीचा हा शोध चिकलठाण्यातून निघाला, याचा अभिमान या शहराने उघडपणे बाळगायला हवा.

मराठवाडा विद्यापीठाचा 1994 मध्ये नामविस्तार झाला आणि तिथल्या संशोधनालाही नव्या वाटा फुटल्या. डॉ. गुलाब खेडकर यांच्या पुढाकाराने पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग केंद्र उभं राहिलं. प्रत्येक प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचला की जात ओळखता येते, ही कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांची 2003 मधली कल्पना. तिच्या आधारे इथले विद्यार्थी नद्यांमधल्या माशांची नोंद करतात. तुकडे करून बाजारात आलेला मासा नेमका कोणता, हेही त्यातून कळतं.

2016 मध्ये वेरूळच्या लेण्यांनीही एक गुपित सांगितलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि विद्यापीठाचे वनस्पतितज्ज्ञ मि. म. सरदेसाई यांनी लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. गिलाव्यातले तंतू कोणत्या झाडाचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी जालना परिसरातली आणि दिल्लीजवळची भांगेची ताजी झाडं आणून तंतू शेजारी-शेजारी ताडून पाहिले. ते जुळले. मातीत आणि चुन्यात भांगेचा अंश मिसळलेला होता. तो ओलावा राखतो आणि किडीला दूर ठेवतो. अजिंठ्यात तो नाही आणि तिथल्या चित्रांचं किडीने बरंच नुकसान केलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांची ही जाण इथल्याच संशोधकांनी जगापुढे मांडली.

आता पुढची पिढी. एमजीएमच्या अब्दुल कलाम खगोल अंतराळ विज्ञान केंद्रात श्रीनिवास औंधकर मुलांना आकाश दाखवतात. उद्योजकांच्या संघटनेने सुरू केलेल्या ‘मॅजिक’मध्ये तरुण आपल्या कल्पनांची यंत्रं करून पाहतात. ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलं आपले प्रकल्प मांडतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला 2600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपेल. तिथे मराठवाड्याची मुलं सुरक्षारक्षक म्हणून उभी राहतात की वैज्ञानिक म्हणून, हे आजच्या प्रयोगशाळा ठरवतील.

खेकडा, तूर, कालव्याचं पाणी, वेरूळचा गिलावा: इथलं बरंचसं संशोधन इथल्याच प्रश्नांतून उगवलं आणि त्यातलं काही थेट जगाच्या कामी आलं. म्हणून पीएचडी करणाऱ्या मुलीला विषयासाठी परदेशी नियतकालिकं धुंडाळायची गरज नाही. तिच्या वडिलांच्या शेतात विषय पडलेला आहे. तिला शिष्यवृत्ती वेळेवर हवी, चालू स्थितीतली उपकरणं हवीत आणि आधी कुणी काय केलं हे मराठीत सांगणारं कुणीतरी हवं. पहिल्या दोन गोष्टी शासनाच्या आणि विद्यापीठाच्या हाती आहेत. तिसरी आपल्या हाती आहे. जिल्ह्यातल्या शाळांनी यंदाच्या 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रामन यांच्या शेजारी बदनापूरच्या तुरीलाही जागा द्यावी.