न झालेल्या जखमेची नोंद

परिचारिकांचा गौरव म्हटला की 12 मे रोजीचे पुष्पगुच्छ आणि चार भाषणे, एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. त्यांच्या कामाचे मोजमाप अवघड, हे त्याचे एक कारण होय. इस्पितळात झालेल्या शस्त्रक्रिया मोजता येतात. न झालेली जखम कोण मोजणार?

परळच्या के. ई. एम. इस्पितळाचे उदाहरण या बाबतीत मननीय आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या नोव्हेंबरात इस्पितळातच झालेल्या पाशवी हल्ल्याने कायमच्या अंथरुणास खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत सहकारिणींनी त्यांची शुश्रूषा केली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. क्रम मोडला नाही. खिळलेल्या देहाचा भार एकाच जागी पडत राहिला की तेथील रक्तप्रवाह खुंटतो व त्वचा सडू लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस पालटावी लागते, अंग कोरडे ठेवावे लागते, आणि हे रात्रीसुद्धा! ज्यांनी घरी चार दिवस हे केले असेल, त्यांस त्यातील श्रम सांगावयास नकोत. व्रण पडला की रोग्याचा मुक्काम लांबतो, खाट अडते. शानबागांना इतक्या वर्षांत एकही शय्याव्रण झाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मार्च 2011 च्या निकालपत्रात नमूद आहे.

न्यायालय स्तुतीवरच थांबले नाही, हे विशेष. दयामरणासाठी अर्ज एका लेखिकेने केला होता. परंतु शानबागांच्या वतीने बोलण्याचा अधिकार के. ई. एम. च्या सेवकवर्गाचा, असे न्यायालयाने ठरविले. पदकाहून हा मान मोठा. कारण येथे परिचारिकांच्या हातांबरोबर त्यांचे मतही मोजले गेले. शानबागांना जगू द्यावे, असे ते मत होते.