विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचे श्रोते

विद्यापीठ म्हटले की प्रवेशअर्ज, परीक्षा आणि पदवीदान एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ज्यांना परीक्षेस बसावयाचे नाही त्यांच्यापर्यंतही विद्या पोहोचविणे हे विद्यापीठाचे कर्तव्य होय, हा विचार मात्र दीडशे वर्षांचा जुना आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या गावी आपले व्याख्याते धाडले, तेव्हापासून तो रुजला. मराठीत या कार्यास ‘बहिःशाल शिक्षण’ असा नेटका शब्द लाभला, कन्नडमध्ये ‘प्रसारांग’. म्हैसूर विद्यापीठाने तर १९३० नंतरच्या दशकात खेडोपाडी व्याख्याने करविली आणि तीच स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने छापली.

आपल्या जिल्ह्यांना विद्यापीठ उशिरा लाभले. १९७० साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र गुलबर्ग्यास निघाले आणि १९८० साली त्याचेच स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याने प्रसारांग चालविले, तसा मराठीचा पदव्युत्तर विभागही. पुढे २००९ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आळंद तालुक्यातील कडगंचीस आले आणि २०२३ साली बीदरलाही स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

या विद्यापीठांतील जाहीर व्याख्यानांना आपण मराठी मंडळी किती जातो? व्याख्यान कन्नड असले की ‘ते आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून आपण घरी बसतो, आणि वास्तविक पुष्कळ वेळा ते आपल्याच घराविषयी असते. कल्याणीच्या चालुक्यांचे उदाहरण घ्या. ही कल्याणी म्हणजे आपले बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाकक्रिया, हत्ती, रत्ने, संगीत असे नाना विषय त्यात आहेत; आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंदही आहे. ओवीचा इतका जुना उल्लेख बीदर जिल्ह्यातून, एका कन्नड राजाच्या दरबारातून यावा! रा. चिं. ढेरे यांनीही ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहिताना कर्नाटकाची वाट धुंडाळली होती, त्या ग्रंथास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. असे विषय एकाच भाषेच्या श्रोत्यांपुढे अर्धेच राहतात.

दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. मराठीचा विभाग विद्यार्थ्यांवर टिकतो, आणि घरात मराठी पुस्तक नसेल तर विद्यार्थी येणार कोठून? भालकी, औराद, आळंद येथील पालक मुलांना कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घालतात. पोटापाण्याचा विचार करता त्यात गैर काही नाही. म्हणूनच विभागातील अध्यापकांनी गावोगावी येऊन बोलणे अगत्याचे आहे. व्याख्यान सायंकाळी, सुगी आटोपल्यावर ठेवावे. जागा देवळाच्या सभामंडपाची चालेल. बीदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ साली पूर्ण झाल्यापासून येणेजाणेही सोपे झाले आहे. प्रत्येक गावातील दहा कुटुंबांनी सह्या करून विभागप्रमुखांस निमंत्रणाचे पत्र धाडावे, विषयही आपणच सुचवावा. पहिला विषय ओवीचा असावा, असे आम्हांस वाटते.