गाडीचा धूर काय सांगतो?

जानेवारीतल्या थंड सकाळी जबलपुरात गाडी सुरू केली, की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघू लागतात. शेजारी सांगतो, "इंजिनाचं काम निघालं!" गॅरेजवालाही मान डोलावतो आणि हजारो रुपयांचा अंदाज हातात पडतो. खरे तर यातला बराचसा 'धूर' म्हणजे नुसती वाफ असते. पण तोच पांढरा रंग कधी कधी मोठ्या बिघाडाची सूचनाही देतो. हा फरक घरच्या अंगणात, अवजारांना हात न लावता ओळखता येतो.

जबलपूरला इंजिने नवी नाहीत. १९०४ पासून येथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली आणि लष्कराचे शक्तिमान ट्रक व जोंगा गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. अशा शहरात ओळखीचा जाणकार मिळणे कठीण नाही. पण त्यालाही तीन गोष्टी तुम्हीच सांगायला हव्यात : धुराचा रंग कोणता, तो नेमका केव्हा येतो आणि इंजिनातले ऑइल किंवा पाणी कमी होते का?

तपासणीपूर्वी

गाडी मोकळ्या, सपाट जागेत उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाकांना विटा लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. मुलांना दूर ठेवा.

इंजिन रात्रभर थंड झालेले असतानाच ऑइलची पट्टी आणि कूलंटची पातळी पाहून वहीत लिहा. मग एकाने गाडी सुरू करावी आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे.

पांढरा धूर

एक लिटर पेट्रोल जळले, की जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड हवेत ही वाफ दिसते, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंबही गळतात. इंजिन तापल्यावर ती विरळ होत नाहीशी झाली, तर काळजीचे कारण नाही.

मात्र गाडी चांगली तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट दर दोन-चार दिवसांनी भरावे लागत असले, तर सावध व्हा. हेड गॅस्केट फुटून कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता असते. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ कॉफीसारखा रंग दिसला, तर शंका आणखी पक्की होते. (थंडीत गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल, तर फक्त झाकणाच्या आत असा पातळ थर येऊ शकतो. तेवढ्यावरून घाबरू नये.) गरम रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नका. अशी गाडी घेऊन नागपूरला जाण्याचा बेत रद्द करा आणि ती गॅरेजपर्यंत ओढूनच न्या. वाटेत इंजिन जास्त तापले, तर गॅस्केटच्या खर्चात भागणारे काम पूर्ण इंजिनावर जाते.

डिझेल गाडीत थंडीच्या सकाळी पांढरट धुराबरोबर डिझेलचा उग्र वास येत असेल, तर आधी हीटर प्लग तपासून घ्या.

निळसर धूर

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. येथे वेळ महत्त्वाची. सकाळी गाडी सुरू करताच निळा झोत आला आणि थांबला, तर बहुधा वॉल्व्ह सील कडक झालेले असतात. दुसरी खूण घाटात मिळते. सिवनीहून नागपूरकडे जाताना कुरईचा उतार लागतो. पेट्रोल गाडी गिअरमध्येच, एक्सिलरेटरवरचा पाय काढून खाली उतरवली आणि नंतर एक्सिलरेटर दाबताच मागे निळा धूर उठला, तर तोही वॉल्व्ह सील किंवा गाइडचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

गाडी ओढताना, चढावर, सतत निळा धूर येत असेल आणि पिकअपही घटला असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या असाव्यात. टर्बो असलेल्या गाडीत दोष टर्बोचाही असू शकतो.

हा फरक पैशांचा आहे. बऱ्याच गाड्यांत वॉल्व्ह सील इंजिन न उतरवता बदलता येतात. रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावे लागते. म्हणून "इंजिन खोलू" असे कोणी म्हणाले, तर आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. दाब कमी भरला, तर मेकॅनिक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून तो पुन्हा मोजतो. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर वॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे पाहावे लागते.

काळा धूर

काळा धूर सहसा सर्वांत स्वस्तात बरा होतो. इंधन जास्त आणि हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. प्रथम एअर फिल्टर काढून पाहा. धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर तुंबतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढलेला राहिला नाही ना, हेही पाहा. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल आणि ॲव्हरेज घटले असेल, तर इंजेक्टर किंवा सेन्सर तपासावा. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. अशा गाडीतून काळा धूर निघाला, तर तिला लगेच सर्व्हिस सेंटरला न्यावे.

शंका राहिल्यास पांढरा कागद सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर क्षणभर धरा. नुसते पाणी असेल, तर वाळल्यावर डाग राहत नाही. ऑइलचा डाग तेलकट राहतो, काजळीचा कोरडा काळा.

महिनाभर वहीत किलोमीटर आणि भरलेले ऑइल व कूलंट लिहीत जा. गॅरेजमध्ये शिरताना ती वही बरोबर न्या. "गाडी धूर सोडते" एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला मोठा खर्च सुचवणे सोपे असते. "तापल्यावर निळा धूर, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल" असे सांगणाऱ्याला तितके सोपे नसते.