जांभूळ, मध आणि मधुमेह

मृग लागून एखाददुसरा वळीव पडून गेला की फलटणच्या बाजारात जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. कॅनॉलच्या कडेची, विहिरीवरची, ओढ्याकाठची झाडे लगडलेली असतात आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या जिभा जांभळ्या झालेल्या असतात. याच दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, जांभळाच्या बियांची पूड सुरू केली आहे, आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?" काही जण तर विचारतही नाहीत. गोळ्या बंद करून दोन-तीन महिन्यांनी, पायाची जखम भरत नाही म्हणून येतात. म्हणून या आठवड्यात जांभळाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे ठरवले.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. जांभूळ ज्या वनस्पतिकुळात मोडते त्याच कुळात पेरू, निलगिरी आणि लवंग ही मंडळी येतात. वरवर पाहता त्यांचे काही साम्य दिसत नाही. पण जांभळाचे किंवा पेरूचे पान उजेडासमोर धरून पाहा. त्यात बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. ते सुगंधी तेलाचे कोश होत. पान चुरगाळले की जो वास येतो तो त्यांचाच. या कुळातल्या बहुतेकांच्या फुलात पाकळ्यांपेक्षा पुंकेसरांचाच झुपका मोठा असतो. फाल्गुन-चैत्रात जांभळाखाली पांढुरक्या केसरांचा सडा पडतो तो यामुळेच.

लवंग तर जांभळाची अगदी सख्खी बहीण. दोघींची प्रजाती एकच. लवंग म्हणजे न उमललेली कळी. तिच्यातले युजेनॉल हे द्रव्य दुखरा भाग बधिर करते आणि दंतवैद्य ते आजही वापरतात. आजीबाईच्या बटव्यातले हे औषध कसोटीला उतरलेले आहे. मात्र दाढेला लवंगेचे शुद्ध तेल थेट ओतू नये, हिरडी भाजते. आणि लवंगेचे काय किंवा निलगिरीचे काय, तेलाची बाटली लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये. थोडेसे तेल पोटात गेले तरी मुलाला झटके येऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यात जांभळाची दोन रूपे दिसतात. फलटणकडे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे जांभूळ पाण्याच्या आधाराने उभे राहते आणि चांगले उंच वाढते. महाबळेश्वरच्या पठारावर पाऊस पाच हजार मिलिमीटरहून अधिक. पण तिथे जमीन उथळ आणि वारा भणाणता. त्यामुळे तिथले जांभळाचे झाड खुजे, काही ठिकाणी तर झुडपासारखे राहते. अंजनी, पिसा आणि जांभूळ यांचे दाट, सदाहरित, ठेंगणे रान ही त्या पठाराची खूणच आहे. जांभळाच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात आणि महाबळेश्वरचा जांभळाचा मध प्रसिद्ध झाला तो यामुळेच. तिथून जवळच असलेले मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

या मधाविषयी एक गैरसमज मूळ धरून आहे, तो आधी दूर करू. "जांभळाचा मध आहे, मधुमेहाला चालतो," असे विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. फुलातला रस हा साखरेचाच रस असतो, मग फूल जांभळाचे असो की हिरड्याचे. मधमाशी त्यातले पाणी आटवते. तयार मधात सुमारे ऐंशी टक्के साखरच असते, बाकी बहुतेक पाणी. मध घट्ट व जड असल्याने एक चहाचा चमचा भरून मध घेतला तर त्यातून सहा ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षा थोडी जास्तच. मध वाईट नव्हे. निरोगी माणसाने जरूर खावा. पण मधुमेह्याने तो साखर समजूनच मोजावा. आणखी एक. नवजात बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडे चाल आहे. एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मध देऊच नये. मधात क्वचित असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीतही नको.

आता फळाकडे वळू. जांभळात पाणीच फार, शंभर ग्रॅम गरात ऐंशीहून अधिक ग्रॅम. पिष्ट आणि साखर मिळून चौदा-पंधरा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एका लहान चपातीइतके. जीभ रंगवते ते अँथोसायनिन आणि तोंड तुरट करते ते टॅनिन. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून तोंडात आकसल्यासारखे वाटते. मधुमेह्याने जांभळे खावीत का? अवश्य खावीत. एका वेळी ओंजळभर, जेवणाच्या वेळांच्या मध्ये, आणि त्या दिवशी आंबा खायचा असेल तर दोहोंपैकी एक. आंबा, चिकू, केळ्यांच्या तुलनेने जांभूळ सोयीचे, यात शंका नाही. मात्र जांभळाचे सरबत म्हणून जे बाटलीत मिळते त्यात बहुधा जांभळापेक्षा साखरच जास्त असते. मीठ लावून खाण्याची सवय रक्तदाबाच्या रुग्णांनी आवरावी. झाडाखाली पडलेली फळे धुऊन घ्यावीत. पहिल्या पावसात जमिनीवर काय काय वाहून आलेले असते हे सांगायला नको. पोटात गेलेला केस जांभळाने विरघळतो, असे घरोघरी सांगतात. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते जांभळाने काय, जठरातल्या आम्लानेही विरघळत नाही. एखादा केस गेला तर तो आपोआप बाहेर पडतो. या समजुतीने कोणाचे नुकसान मात्र होत नाही.

नुकसान होते ते बियांच्या पुडीने. खरे म्हणजे पुडीने नव्हे, तिच्यावर विसंबल्याने.

जांभळाचे बी मधुमेहावर वापरण्याची पद्धत जुनी आहे आणि ती केवळ आपल्यापुरती नाही. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातल्या डॉक्टरांनीही जांभळाचे बी वापरून पाहिले होते. त्यांच्या हाती दुसरे काही नव्हतेच. मधुमेह झालेली लहान मुले तेव्हा वर्ष-दोन वर्षांत दगावत. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिन सापडले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. जांभळाच्या बियांनी असे कोणा मुलाला कधी जगवले असते, तर युरोपातल्या डॉक्टरांनी ते सोडले नसते.

मग बियांत काहीच गुण नाही का? असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत बियांचा अर्क पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाचे काम मंदावतो. मधुमेह केलेल्या उंदरांत रक्तातली साखर उतरल्याचे अनेक प्रयोग आहेत. माणसांवरच्या काही छोट्या चाचण्यांत उपाशीपोटीची साखर थोडीफार उतरलेली दिसली आहे. पण उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे. ब्राझीलमध्येही जांभूळ रुजले आहे. तिथे त्याला 'जांबोलाव' म्हणतात, नावात आपले जांभूळच ऐकू येते. तिथले मधुमेही जांभळाच्या पानांचा चहा करून पितात. तिथल्याच डॉक्टरांनी हा चहा रीतसर तपासला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांना पानांचा चहा, काहींना दिसायला तसाच पण औषध नसलेला चहा, तर काहींना मधुमेहाची नेहमीची गोळी दिली. गोळीवाल्यांची साखर उतरली. जांभळाचा चहा पिणाऱ्यांची उतरली नाही. ही चाचणी लहान होती आणि पानांची होती, बियांची नव्हे, हे खरे. तरी गावोगाव गुण येतो म्हणून सांगतात ते मोजून पाहिले की काय होते, याचा तो नमुना आहे.

वनस्पतीतून औषध निघत नाही असे कोणी समजू नये. आज मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांना आम्ही प्रथम लिहून देतो ती मेटफॉर्मिनची गोळी युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानवनस्पतीच्या अभ्यासातूनच पुढे आली. फरक इतकाच की मूळ द्रव्य विषारी असल्याने त्याच्यासारखे दुसरे, सुरक्षित द्रव्य तयार केले गेले, १९५७ पासून माणसांत वापरले गेले, मात्रा ठरली, दुष्परिणाम नोंदले गेले. पुडीच्या एका चमच्यात औषधी द्रव्य किती, हे आपल्याला ठाऊक नसते. झाडागणिक, वाळवण्यागणिक ते बदलते.

मग रुग्णाला गुण आल्यासारखे का वाटते? पूड सुरू केली की माणूस बहुधा गोडही सोडतो, सकाळी फिरायला लागतो, त्याने साखर उतरते आणि श्रेय पुडीला मिळते. दुसरे असे की साखर वाढली तरी सुरुवातीला दुखत काहीच नाही. रक्तातली साखर अडीचशे असतानाही माणूस शेतात काम करतो, बाजारहाट करतो. आतमध्ये मात्र डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा झिजत असतात. आणि तिसरे कारण जरा काळजीचे. निनावी पुड्यांत आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत साखर उतरवणारे ॲलोपॅथीचे औषधच गुपचूप मिसळलेले आढळल्याच्या घटना देशोदेशी घडल्या आहेत. अशा पुडीने गुण येतो, पण किती औषध पोटात गेले हे ना रुग्णाला कळते ना डॉक्टरला. साखर एकदम खाली जाऊन दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, घेरी असे होऊ लागले तर शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

घरी केलेली पूड कोणाला घ्यायचीच असेल तर माझी हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. चालू गोळी किंवा इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद वा कमी करू नये. पूड घेत असल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. आम्ही रागावतो, हे खरे, पण ते तेवढ्यापुरते. आणि गुण आला की नाही हे जिभेला वा मनाला न विचारता तपासणीला विचारावे. एचबीएवनसी नावाच्या रक्ततपासणीत मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. पूड सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा ती करावी. ज्या मुलांना लहानपणापासून इन्शुलिन चालू आहे त्यांच्या आईवडिलांना मात्र हात जोडून सांगणे आहे की, त्यांच्यावर हा प्रयोग करूच नये. या मुलांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. टोचणे थांबले तर काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास आणि बेशुद्धी अशा क्रमाने प्राणावर बेतते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. फलटणच्या प्रत्येक गल्लीत चार-दोन घरे तरी या आजाराची असणार.

जांभळाच्याच दिवसांत माउलींची पालखी लोणंद, तरडगावावरून फलटणला येते आणि बरडमार्गे पुढे जाते. वारीतले अनेक वयस्क मधुमेही औषधांची पिशवी घरी ठेवून फक्त पुडीची पुरचुंडी बरोबर घेतात, असे दिसते. चालण्याने साखर उतरते ही गोष्ट खरी. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, पण औषध बरोबर असावेच. इन्शुलिन असेल तर ते उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवावे. खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण एकादशीचा उपवास आणि दिवसभराची चाल एकत्र आली तर साखर फार खाली जाऊ शकते. अनवाणी चालू नये. नसा बधिर झालेल्या पायाला खडा रुतल्याचे कळत नाही, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा कोणाकडून तरी उजेडात पाहून घ्याव्यात. फोड आला असेल तर तो फोडू नये. स्वच्छ पट्टी बांधून त्याच मुक्कामावर वैद्यकीय पथकाला पाय दाखवावा.