दुकानात घडलेल्या मोटारी

मोटारीचा कारखाना निराळा आणि मोटारीचे दुकान निराळे, हे आपण सगळेच जाणतो. कारखान्याने गाडी बनवावी, दुकानदाराने ती पुसूनपासून काचेआड उभी करावी, गिऱ्हाइकाने पैसे मोजून किल्ली घ्यावी. दुकानदाराने गाडीला हात लावायचा तो फडक्याने! परंतु १९६० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत काही दुकानदार असे निघाले की, त्यांनी कारखान्याहून आलेल्या नव्याकोऱ्या गाडीचे झाकण उघडले, आतले इंजिन उचलून बाहेर काढले आणि त्याच्या जागी दुसरे, अधिक दांडगे इंजिन बसवून मगच ती विकायला ठेवली. अशा गाड्या तेव्हा थोड्याच झाल्या, आणि आज त्यांतल्या चांगल्या गाडीला लिलावात लाखो डॉलर पडतात. हे दुकानदार या फंदात पडले कशाला, गाड्या इतक्या थोड्या का झाल्या, आणि खरी कोणती व खोटी कोणती हे ओळखायचे कसे, हे आज पाहू.

प्रथम ‘मसल कार’ म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत मोटारींचे साधारण तीन आकार असत. मोठी, ऐसपैस कुटुंबाची गाडी, मध्यम गाडी, आणि लहान गाडी. मोठ्या गाडीचे इंजिन मोठे, लहानीचे लहान, असा सरळ हिशेब होता. हा हिशेब मोडून मोठ्या गाडीचे इंजिन मध्यम किंवा लहान गाडीत घातले की मसल कार झाली. म्हणजे पहिलवानाचे बळ आणि पोरसवदा शरीर. वजन कमी आणि जोर जास्त, तेव्हा गाडी सिग्नलवरून सुटते ती बंदुकीच्या गोळीसारखी. वळणावर ती कशी वागेल, थांबेल कशी, हे प्रश्न पुष्कळदा मागाहून विचारले गेले. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओ या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या जीटीओचा जन्मही नियमाला वळसा घालूनच झाला. जनरल मोटर्स या कंपनीच्या हाती त्या काळी अमेरिकेतल्या मोटारबाजाराचा जवळजवळ अर्धा हिस्सा होता. आपण आणखी वाढलो तर सरकार मक्तेदारीच्या कायद्याखाली आपले तुकडे करील, अशी धास्ती वरच्या मंडळींना होती. नाव फार गाजू नये म्हणून १९६३ च्या आरंभी कंपनीने आपल्या सर्व शाखांना मोटारशर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन असता कामा नये, असाही दंडक होता. पॉन्टियाक शाखेचा मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी त्यातली फट शोधली. ३८९ घन इंचांचे इंजिन नेहमीच्या गाडीत नव्हे, तर ‘गिऱ्हाइकाने मागितल्यास जादा’ म्हणून देऊ केले. पाचेक हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. एवढा खप झाल्यावर नियम मोडला म्हणून रागावणार कोण? पुढे मध्यम आणि लहान गाड्यांसाठी ४०० घन इंचांची मर्यादा आली आणि १९७० च्या गाड्या येईपर्यंत ती टिकली. आपल्या गोष्टीतला खरा खलनायक, किंवा खरा जन्मदाता म्हणा, हा ४०० चा आकडाच आहे.

कारण बघा, १९६६ च्या शरद ऋतूत शेव्हरलेची ‘कमॅरो’ ही नवी, लहानशी, देखणी गाडी बाजारात आली. तिच्यात जास्तीत जास्त ३९६ घन इंचांचे इंजिन मिळे. त्याच शेव्हरलेपाशी ४२७ घन इंचांचे, म्हणजे सात लिटरचे इंजिन होते. ते कॉर्व्हेटमध्ये आणि मोठ्या गाड्यांत बसवीत. (आपल्या अम्बॅसडरचे जुने इंजिन दीड लिटरचे. म्हणजे साडेचार अम्बॅसडरांचा ऐवज एका झाकणाखाली!) कागदावर त्याचा जोर ४२५ अश्वशक्ती. आणि गंमत अशी की ३९६ व ४२७ ही दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली, बाहेरून मापाला सारखी. एक जिथे बोल्टांवर बसते तिथे दुसरेही बसते. फरक आतल्या सिलिंडरांच्या व्यासाचा. तेव्हा कारखाना जे नियमापायी करू शकत नव्हता, ते दुकानाच्या मागल्या शेडमध्ये दोन हुशार मिस्त्री आणि एक साखळी-कप्पी करू शकत होती.

ते करणाऱ्यांत सर्वांत नाव झाले डॉन येन्को याचे. पिट्सबर्गजवळ कॅनन्सबर्ग नावाचे गाव आहे, तिथे त्याच्या वडिलांची शेव्हरलेची एजन्सी होती. पोरगा स्वतः कॉर्व्हेट घेऊन शर्यतींत उतरे, आणि त्यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला. कॉर्व्हेट जड झाली, हलकी गाडी हवी, म्हणून त्याने प्रथम शेव्हरलेची ‘कॉर्व्हेअर’ ही मागे इंजिन असलेली गाडी घेतली, तिची मागची बैठक काढली, इंजिन सुधारले आणि ‘स्टिंगर’ नावाने ती शर्यतीला लायक केली. शर्यत चालवणाऱ्या संघटनेची अट होती की अशा शंभर गाड्या झालेल्या दाखवा. त्याने १९६५ संपता संपता शंभर करून दाखवल्या! ज्या कॉर्व्हेअरवर राल्फ नेडरने १९६५ साली पुस्तकातून धोकादायक म्हणून झोड उठवली, तीच ही गाडी. एकाच वर्षी एकाने तिला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे करावे आणि दुसऱ्याने शर्यतीच्या मैदानात, हे मला मोठे मौजेचे वाटते.

कमॅरो आली तेव्हा येन्कोने तोच हात तिच्यावर चालवला. ३९६ ची गाडी मागवायची, इंजिन काढायचे, ४२७ बसवायचे. १९६७ साली अशा पन्नास-एक गाड्या झाल्या, १९६८ साली त्याहून थोड्या अधिक. शिकागोत निकी शेव्हरले नावाची मोठी पेढी होती. तिच्या पाटीवरच्या नावातले एक अक्षर मुद्दाम उलटे लिहिलेले असे. तिथेही हाच उद्योग चाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बाल्डविन शेव्हरले या दुकानाने जोएल रोझेन या मिस्त्रीशी भागी केली. हे दोघे तर लेखी हमी देत की, पसंतीचा चालक असेल तर आमची गाडी पाव मैलाचे अंतर साडेअकरा सेकंदांत कापील, नाही तर पैसे परत. शिकागोच्याच ग्रँड स्पॉल्डिंग डॉज या दुकानाचा मालक नॉर्म क्राउस ‘मिस्टर नॉर्म’ या नावाने प्रसिद्ध होता. ‘डार्ट’ या लहान गाडीत ३८३ घन इंचांचे इंजिन मावत नाही असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच्या माणसांनी ते बसवून गाडी कंपनीलाच नेऊन दाखवली. पुढे कंपनीने ते स्वतः बसवायला सुरुवात केली.

फोर्डच्या बाबतीतही असेच घडले. ऱ्होड आयलंडमधल्या बॉब टास्का या विक्रेत्याची तक्रार होती की मस्टँगला दम नाही. रविवारी शर्यत जिंकली की सोमवारी गाडी खपते, हा त्याच्या धंद्याचा हिशेब, आणि रविवारी मस्टँग हरत होती. त्याच्या दुकानातल्या लोकांनी एका मस्टँगचे जळालेले इंजिन काढून पोलीस-गाडीचे ४२८ घन इंचांचे इंजिन आणि कंपनीच्याच कोठारातले इतर भाग जुळवून बसवले. ‘हॉट रॉड’ या मासिकाने १९६७ च्या नोव्हेंबर अंकात ती हकीकत छापली आणि अशी गाडी हवी की नको, ते वाचकांना थेट हेन्री फोर्ड दुसरे यांना कळवायला सांगितले. १९६८ च्या वसंतात फोर्डने तसली मस्टँग स्वतः काढली. कारखान्याला दुकानाने शिकवावे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे हे वाचताना चमत्कारिक वाटेल. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होता, त्यामुळे शेव्हरले हे नाव आपल्याला परके नाही. पण ज्या काळाविषयी मी लिहितो आहे त्या काळात आपल्या वडिलांच्या पिढीने फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. इथे गिऱ्हाइकाला यादीतली गाडी मिळत नव्हती, आणि तिथे दुकानदार यादीत नसलेली गाडी घडवीत होता.

दुकानात इंजिन बदलण्यात एक मोठी अडचण होती: कंपनीची हमी. बाहेर हात लागलेल्या इंजिनाची जबाबदारी कंपनी कशाला घेईल? तेव्हा येन्कोने कारखान्यालाच हे काम करायला लावण्याची वाट शोधली. शेव्हरलेच्या कचेरीत ‘कोपो’ नावाची एक पद्धत होती, म्हणजे मध्यवर्ती कचेरीतून निघणारा खास उत्पादनाचा हुकूम. ती होती कशासाठी? पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी, एखाद्या कंपनीला खास रंगात हव्या असलेल्या गाड्या, असल्या रुक्ष घाऊक मागण्यांसाठी. कचेरीतला व्हिन्स पिगिन्स हा शर्यतींचा जाणकार अधिकारी या दुकानदारांच्या बाजूचा होता. १९६९ साली ‘९५६१’ या क्रमांकाच्या हुकुमाखाली ४२७ इंजिनाची कमॅरो कारखान्यातूनच, हमीसकट बाहेर पडू लागली. नियम जागच्या जागी राहिला. टॅक्सीच्या दारातून वाघ बाहेर आला. येन्कोने अशा सुमारे २०० गाड्या घेतल्या. त्याच्या दुकानात आता मुख्यतः पट्टे आणि नाव रंगवण्याचे काम उरले. म्हणून काही दर्दी लोक १९६७ च्या गाडीला जास्त मान देतात. मला त्यांचे म्हणणे पटते. दुकानाचा खरा हात लागला तो तिलाच.

आता दुर्मिळतेचे पाहू. मी अर्थशास्त्राचा मास्तर, तेव्हा इथे थोडा रेंगाळतो. दुर्मिळ म्हटले की आपल्याला वाटते, मोजक्याच बनवल्या, श्रीमंतांसाठी राखून ठेवल्या. तसे काही नव्हते. इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे लहानसे गाव आहे. तिथला विक्रेता फ्रेड गिब याने ‘९५६०’ या हुकुमाखाली ५० कमॅरो मागवल्या, कारण शर्यतीच्या नियमाला ५० गाड्या झालेल्या हव्या होत्या. यांचे झेडएल-१ हे ४२७ चे इंजिन सबंध ॲल्युमिनियमचे. गाड्या आल्या तेव्हा कळले की एकट्या इंजिनाचीच जादा किंमत ४,१६० डॉलर! साधी कमॅरो तेव्हा २,७०० डॉलरांच्या आसपास मिळत होती. ही सात हजारांच्या वर गेली. शेतकऱ्यांच्या गावात ५० अशा गाड्या कोण घेणार? गिबला थोड्याच विकता आल्या, आणि तीसहून अधिक गाड्या कंपनीने परत घेऊन इतर दुकानांकडे पाठवल्या. एकूण अशा ६९ कमॅरो झाल्या. आज संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात ती गाडी न खपलेला माल होती. ती थोडी झाली ती कोणी ठरवून नव्हे, तर मागणी नव्हती म्हणून.

ज्या खपल्या त्यांचे काय झाले? त्या वापरण्यासाठी घेतल्या होत्या, जपण्यासाठी नव्हे. पुष्कळ शर्यतीत गेल्या, इंजिने फुटली, दुसरी बसवली. काही पोरांनी झाडावर घातल्या. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रे खाऊन टाकले. विमा कंपन्यांनी पंचविशीच्या आतल्या मुलांचे हप्ते इतके वाढवले की गाडी परवडावी आणि विमा परवडू नये. १९७० साली येन्कोने लहान ‘नोव्हा’ गाडीत ३५० घन इंचांचेच इंजिन घालून आणली, ती विम्याच्या लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा झाला, १९७३ साली अरबांनी तेल रोखले, आणि १९७४ साली त्या कायद्याखाली सरकारने रोझेनच्याही दुकानाला आवर घातला. दहा वर्षांचा खेळ संपला. विमा आणि कायदा यांना शिव्या देणारे आजही भेटतात. पण वीस वर्षांच्या पोराच्या हाती ४२५ अश्वशक्ती देण्यात काही तरी चुकत होते, हे कोणाही पालकाला पटेल.

राहता राहिली ओळख. १९६९ च्या कमॅरोच्या गाडी-क्रमांकावरून ती आठ सिलिंडरांची आहे एवढे कळते. इंजिन कोणते ते कळत नाही. दोन्ही इंजिने एकाच मापाची, म्हणून जे १९६७ साली येन्कोला जमले ते आज कोणाही लबाडाला जमते. साधी कमॅरो घ्या, ४२७ बसवा, पट्टे रंगवा. अशा नकला पुष्कळ आहेत. काही मालक त्या नकला आहेत असे प्रामाणिकपणे सांगतात, काही सांगत नाहीत. तशी लबाडी आरंभापासूनच होती म्हणा. १९६४ साली एका मोठ्या मासिकाने चाचणीला घेतलेली जीटीओ मिशिगनमधल्या रॉयल पॉन्टियाक या दुकानाने तयार करून दिली होती. तिच्यात ३८९ नव्हे तर ४२१ घन इंचांचे इंजिन होते, हे जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी कित्येक वर्षांनी कबूल केले.

म्हणून जाणकार मनुष्य आधी इंजिनावर ठोकलेली अक्षरे पाहतो, मग त्यावरचा ओतकामाचा दिनांक, मग मागच्या एक्सलवरची खूण. आणि या तिघांच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते. फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांच्या नोंदी शाबूत आहेत, तेव्हा तिथे फारशी अडचण पडत नाही. शेव्हरलेच्या अमेरिकेत बनलेल्या गाड्यांच्या तशा नोंदी राहिल्या नाहीत. म्हणून दुकानाचे जुने बिल, कारखान्याची पावती, किंवा हमीच्या पुस्तिकेबरोबर दिलेली गाडीचे तपशील ठोकलेली लहानशी धातूची पट्टी, यांतले काही पहिल्या मालकाच्या घरी कुठल्या खणात सापडते का, याचा शोध लोक अजून घेत असतात. आणि ते सापडले तर आधी कागदाची तपासणी होते, गाडीचे झाकण त्यानंतर उघडतात.