साखर घालू नका, फळाचा गुण घालवू नका

उन्हातून घरी आलेल्या माणसाच्या हाती सरबताचा पेला देणे ही आपल्याकडची जुनी रीत. आवळा, जांभूळ, कोकम, करवंद यांसारख्या आंबट-तुरट फळांची सरबते तर घरोघरी होतात. परंतु पेल्यात फळ किती आणि साखर किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो एकदा मांडून पाहा. पेलाभर सरबतात चार लहान चमचे साखर घातली, तर ती सुमारे २० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीनुसार दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीने वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आत राहिली, तर अधिक चांगले. म्हणजे दिवसभराचा बहुतेक वाटा एका पेल्यातच संपला! चहा, बिस्किटे आणि मिठाई अजून बाकीच आहेत.

आवळा : लोहाचा सोबती

बिनसाखरेच्या रसांत आवळ्याला पहिला मान द्यायला हवा. त्याची स्वतःची गोडी अगदी कमी, पण क जीवनसत्त्व भरपूर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. मध्यम आकाराच्या एका ताज्या आवळ्यातून ही गरज बहुतांशी भागू शकते.

याचा खरा फायदा स्त्रियांना आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाज्या, डाळी, बाजरी यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले की ते अधिक चांगले शोषले जाते. म्हणून आवळ्याचा रस जेवणासोबत घ्यावा आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण चहा लोहाच्या आड येतो. मात्र रक्तक्षय असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना हा रस पर्याय नव्हे.

जांभूळ : फळ चांगले, औषध नव्हे

जांभळाचा गडद रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती द्रव्ये पेशींची झीज रोखण्यास मदत करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पण 'जांभळाचा रस प्या, मधुमेह बरा होईल' हा समज फार घातक आहे. जांभळाच्या बियांच्या अर्काने प्राण्यांच्या रक्तातील साखर कमी झाल्याचे काही प्रयोगांत आढळले. माणसांवरील चाचण्या मात्र लहान आणि अपुऱ्या आहेत.

रसावर भरवसा ठेवून एखाद्याने गोळ्या किंवा इन्सुलिन बंद केले, तर साखर आतल्या आत वाढत राहते आणि डोळे, मूत्रपिंडे, पावले यांना इजा होते. सासूबाई किंवा मामंजी असा प्रयोग करत असतील, तर त्यांना वेळीच समजावा. शिवाय रस गाळला की चोथा निघून जातो आणि फळातील साखर रक्तात लवकर उतरते. मधुमेह्यांनी रसापेक्षा मोजकी जांभळे चावून खाणे बरे.

कोकम : आगळ की अमृत कोकम?

कोकण आणि गोव्यातील या फळाची दोन रूपे बाटलीतून मिळतात. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळ म्हणजे मीठ लावून काढलेला, साखर नसलेला रस. सोलकढीसाठी तोच वापरतात. साखर टाळायची असेल, तर आगळ घ्यावे. पण त्यात मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी बिनमिठाची सुकी आमसुले पाण्यात भिजवून त्यांचे पाणी प्यावे.

परदेशी क्रॅनबेरीचे काय?

मोठ्या शहरांत क्रॅनबेरीचा रस मिळू लागला आहे. ज्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे तो पुन्हा होण्याची शक्यता कमी होते, असे २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. पण झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. जळजळ, ताप असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस घेऊ नये.

डब्यावरची अक्षरे वाचा

'शंभर टक्के फळांचा रस' या शब्दांना भुलू नका. घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून तयार केलेल्या रसावरून हा दावा काढून टाकावा, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. घटकांच्या यादीत पाणी आणि साखर आधी व फळ नंतर असेल, तर ते सरबतच समजावे.

कसा आणि किती घ्यावा?

दोन आवळ्यांच्या फोडी थोड्या पाण्यात वाटून, जाड गाळणीने गाळा. त्यात पेलाभर पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि आल्याचा रस घाला. हा रस दोघांना पुरतो. उकळू नका आणि करून ठेवू नका, कारण उष्णतेने व हवेने क जीवनसत्त्व कमी होते. आंबट रसाने दातांचे आवरण झिजते, म्हणून प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, पण अर्धा तास दात घासू नका. आम्लपित्त किंवा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एक वर्षाच्या आतील बाळाला कोणताही रस देऊ नये.

मुलांना बिनसाखरेचा रस एकदम आवडणार नाही. तेव्हा चार चमच्यांचे तीन, मग दोन, असे दर आठवड्याला साखर कमी करत जा. जिभेला सवय लागायला थोडा वेळ लागतो, पण एकदा लागली की फळाची खरी चव कळू लागते. वाचलेली साखर अर्थातच घरखर्चातही दिसेल!