स्तनाच्या कर्करोगातील पेट चित्रण

पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण, म्हणजेच पेट स्कॅन, ही किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने ऊतींमधील चयापचय दाखवणारी वैद्यकीय तपासणी आहे. मॅमोग्राफी व सोनोग्राफी यांतून स्तनातील गाठीचा आकार, कडा व घनता समजते. पेट स्कॅनमध्ये ती गाठ किती ग्लुकोज घेते हे दिसते. कर्करोगग्रस्त आणि निरोगी ऊतींमधील भेद या तपासणीत प्रामुख्याने त्यावरून केला जातो.

कार्यतत्त्व

बहुतेक कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक ग्लुकोज वापरतात आणि पुरेसा ऑक्सिजन असतानाही त्याचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात, असे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२०च्या दशकात आढळले. पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ हे समस्थानिक जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य, एफडीजी, शिरेतून टोचतात. पेशी ते ग्लुकोजप्रमाणेच आत घेतात. हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते, परंतु पुढील विघटन होत नाही आणि द्रव्य पेशीतच अडकून राहते. फ्लोरिनमधून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होतात व ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना जातात. रुग्णाभोवतीचे शोधक ही जोडी टिपतात आणि संगणक त्यांवरून प्रतिमा तयार करतो.

फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने ते फार दूरवर नेता येत नाही किंवा साठवून ठेवता येत नाही. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईतील परळ येथे विकिरण औषधी केंद्रात कार्यान्वित झाले.

अन्वयार्थ व मर्यादा

पेटमध्ये चमकणारा प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. जंतुसंसर्ग, दाह व नुकत्याच केलेल्या बायॉप्सीची जखम यांतही एफडीजी साचते. स्तनपान देणाऱ्या मातेच्या निरोगी स्तनातही त्याचे शोषण बरेच वाढलेले असते. याच्या उलट चूक अधिक धोक्याची ठरते. एक सेंटिमीटरहून लहान गाठी, दुग्धनलिकेपुरता मर्यादित असलेला प्रारंभिक कर्करोग आणि खंडिकीय प्रकारचा कर्करोग पुष्कळदा फिकट दिसतो किंवा दिसतच नाही. त्यामुळे चमक नाही म्हणून गाठ निर्धोक मानता येत नाही. शोषणाचे प्रमाण आकड्यांत मोजता येते, तथापि त्या आकड्याची कर्करोग आणि निरोगी ऊती यांना निश्चितपणे वेगळे करणारी सीमारेषा नाही. रक्तातील साखर वाढलेली असल्यास ती एफडीजीशी स्पर्धा करते व प्रतिमा मंदावते. म्हणून तपासणीपूर्वी काही तास उपवास करावा लागतो, आणि मधुमेही रुग्णांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

या कारणांमुळे निरोगी स्त्रियांच्या सरसकट चाचणीसाठी पेट स्कॅन वापरत नाहीत, आणि गाठीचे अंतिम निदान बायॉप्सीनेच होते. रोग हाडांत, यकृतात किंवा दूरच्या लसिका ग्रंथींत पसरला आहे का, उपचारांनंतर उलटला आहे का आणि केमोथेरपीला दाद देत आहे का, हे पाहण्यासाठी मात्र ही तपासणी उपयुक्त ठरते. इस्ट्रोजेन ग्राहींना चिकटणारे फ्लोरोइस्ट्राडायॉल हे वेगळे द्रव्य अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. ते ग्लुकोजचा वापर दाखवत नाही. अर्बुदातील ग्राही कार्यक्षम आहेत की नाहीत हे त्यातून कळते आणि संप्रेरक-उपचारांची निवड करताना त्याचा आधार घेता येतो.